तक्रारीचा तास

मास्तरीणबाईंनी फळ्यावर एक हाड काढलं. फळा म्हणजे भिंतीला टेकवलेला प्लायवूडचा तुकडा होता, आणि हाड दुधी भोपळ्यासारखं दिसत होतं.

"तुमच्याबरोबर मला एक हाड कोरायचं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तुमच्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी तोंडावर सांगणार आहे. शब्दशः घ्यायचं नाही."

पॉलिशखात्यातल्या बायका जेवणाचे डबे आवरून अर्धवट तयार झालेल्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. परदेशी गिऱ्हाईक फर्निचरचा कारखाना बघायला येणार, कामगारांशी बोलणार, म्हणून सुट्टीत हा इंग्रजीचा वर्ग चालायचा. आजचा धडा तक्रारीचा होता. हाडाच्या आधी उंट होऊन गेला होता. त्याच्या पाठीवर शेवटची काडी पडते आणि तो मोडतो, म्हणजे आता सहन होत नाही. "काड्या रचत होते तेव्हा उंट काय बोलला, ते नाही का पुस्तकात?" मागून कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या. खात्यातल्या दोघी बहिणींपैकी धाकटीसुद्धा हसली.

तिची थोरली बहीण हसली नाही. ती भिंतीतल्या पंख्याकडे बघत होती. खोलीतली हवा बाहेर फेकायचा पंखा तो. पात्यांवर पॉलिशचा चिकट थर, त्यावर धूळ. उन्हाळ्यापासून बंद होता. पॉलिश पातळ करायच्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. आणि टेबलांचे पाय रंगवणाऱ्या या दोघी बहिणी दिवसभर जमिनीवरच बसत. मुकादमाला सांगितलं, तो "बघतो" म्हणाला. पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाला, तोंडाला फडकं बांधा. मॅनेजरसाहेब जिन्यात भेटले, त्यांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, मुकादमाला सांगा.

परवा थोरली बाजारातून घरी आली तेव्हा घरभर करपट वास सुटला होता आणि धाकटी शेगडीकडे पाठ करून निवांत शिवत बसली होती. पातेलं तळाशी काळंठिक्कर. थोरली आधी ओरडली. तिने धाकटीच्या नाकाशी अंगाचा साबण धरला, मग तेलाची बाटली.

"काहीच नाही गं, ताई," धाकटी म्हणाली. "कधीपासून, तेही आठवत नाही."

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने इंग्रजीत चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, ड्रॉवर अडकतो म्हणून. त्या दिवशी साहेब स्वतः खाली आले आणि गुडघे टेकून ड्रॉवर उघडझाप करत बसले. थोरलीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून वर्गात ती सगळ्यांत पुढे बसायची, आणि परवापासून टेबलांच्या पायांना कुंचला मारता मारता एकच वाक्य घोटत होती. आज त्याला हवी ती सुरुवात मिळाली होती.

प्रगती बघायला साहेब आले. कोण वाक्य करून दाखवतं, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. थोरली उभी राहिली. थेट साहेबांकडे बघत, निसरड्या पायरीवर पाऊल ठेवावं तसा एकेक शब्द ठेवत ती म्हणाली, "सर, आय हॅव अ बोन टू पिक विथ यू. द फॅन इज नॉट वर्किंग. माय सिस्टर कॅनॉट स्मेल."

धाकटीने मान खाली घातली. बाकीचं नाही, पण सिस्टर तिला कळलं होतं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोण म्हणेल ही पॉलिशवाली, असं ते कौतुकाने म्हणाले. मास्तरीणबाईंनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे, आणि चाचरत म्हणाल्या की साहेब, हे उदाहरण जरा... उत्तम आहे, साहेब म्हणाले, फक्त पाहुण्यांसमोर पंखा नको. बस उशिरा आली, चहा गार होता, असलं काहीतरी घ्या.

"ते उदाहरण नाही, साहेब," थोरली म्हणाली. "पंखा खरंच बंद आहे. हिचं नाक गेलंय."

"हो हो, मुकादमाच्या कानावर घाला," साहेब म्हणाले. त्यांनी मोबाइल काढला होता. गिऱ्हाइकाला वर्गाचा फोटो पाठवायचा होता.

बायका फळ्याभोवती उभ्या राहिल्या. दोघी बहिणींना मधोमध घेतलं. साहेब दोन पावलं मागे गेले, मोबाइल आडवा केला, उभा केला. "जरा डावीकडे सरका सगळ्या. मागे तो पंखा येतोय."

सगळ्या सरकल्या. मास्तरीणबाईही सरकल्या. धाकटी निघाली, तसं थोरलीने तिचं मनगट धरलं. दोघी पंख्याखाली तशाच उभ्या राहिल्या.

साहेबांनी मोबाइल खाली केला.

"अहो बाई, सरका म्हणतोय ना," ते वैतागून म्हणाले. "मी काय इंग्रजीत बोलतोय?"