शिवणीतली माया

"आत माया भरपूर आहे," शिंपी म्हणाला.

मोठीला हसू आलं. कपडा पुढेमागे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात, हे तिलाही ठाऊक होतं. पण नवीआईच्या हातच्या फ्रॉकाबद्दल हा शब्द आजवर कुणी काढला नव्हता.

फ्रॉक मोठीच्या लहानपणचा. तिच्या लेकीला शाळेच्या नाटकात जुन्या काळातली मुलगी व्हायचं होतं. माळ्यावरच्या ट्रंकेतून दोन फ्रॉक निघाले, एकाच निळ्या कापडाचे. एक मोठीचा, एक धाकटीचा. कुठला लेकीला बसेल याचा नेम नाही, म्हणून दोन्ही घेऊन ती दुकानात आली होती.

मोठी सहा वर्षांची असताना नवीआई घरात आली, स्वतःची पाच वर्षांची पोर बोटाला धरून. घरातल्यांनी तिला 'नवी आई' म्हटलं, पोरींनी त्याचं 'नवीआई' केलं. चाळीस वर्षं झाली, केस पांढरे झाले, दात गेले, पण नवीआई काही जुनी होईना.

तिनं कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. गोष्टीतल्या सावत्र आईसारखी वागली असती तर एक वेळ बरं झालं असतं, निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. मोठीकडे सांगण्यासारखं एवढंच होतं की तिचा फ्रॉक काखेत काचायचा. आठ वर्षांची असताना एका दुपारी तिनं दोन्ही फ्रॉक उलटे करून पाहिले. धाकटीची शिवण बारीक, गुळगुळीत. तिची मात्र जाडजूड, नाड्याच्या वेटोळ्यासारखी. पोटच्या पोरीचं मन लावून शिवलं आणि आपलं नुसतं उरकलं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. कुणापाशी ती बोलली मात्र नाही.

आज संध्याकाळी धाकटीचा फोन यायचा होता. नवीआई आजवर तिच्याकडेच राहिली. आता धाकटीच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि नव्या गावी दोनच खोल्या मिळाल्या होत्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नवीआई पंधरा दिवस मोठीकडे आली होती. तिनं इथंच कायमचं राहावं का, असं धाकटीनं सरळ विचारलं होतं. "नाही जमलं तर मी बघते कसंतरी, ताई," असंही म्हणाली होती. मोठीचं 'नाही' ठरलेलं होतं. जागा अपुरी, नोकरी, लेकीची शाळा, सगळी कारणं तिनं तोंडपाठ करून ठेवली होती. सगळी खरी होती. खरं कारण तेवढं त्यात नव्हतं.

शिंप्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि मोठीचा फ्रॉक उलटा केला.

"कुणी शिवलाय हो?"

"घरीच."

"हात जाणता आहे. हे बघा, बाई." शिवणीच्या कडेनं टाक्यांच्या जुन्या भोकांच्या तीन रांगा होत्या. "तीनदा उसवून सैल केलाय, दर खेपेला अर्धं बोट. तरी अजून दोन बोटं शिल्लक. एवढी माया कुणी ठेवत नाही. शिवण जाड होते, अंगाला काचते."

"आणि हा?" तिनं धाकटीचा पुढे केला.

शिंप्यानं शिवण चिमटीत धरून पाहिली. "यात काहीच नाही. टाका बसला हेच नशीब. कापड एकच दिसतंय. याच्या वाटचं त्यात गेलंय."

मोठीनं आपला फ्रॉक जवळ ओढला. तो तिनं सलग तीन वर्षं घातला होता. धाकटीचे दोन बदलले तरी तिला तोच होत होता. आपण वाढतच नाही की काय, अशी तेव्हा तिला काळजी पडली होती. फ्रॉक घट्ट होतोय असं तिनं घरात कधी सांगितल्याचं काही तिला आठवेना.

माप न देताच दोन्ही फ्रॉक घेऊन ती घरी आली. नवीआई खिडकीशी काळा चष्मा लावून बसली होती. मोठीनं फ्रॉक तिच्या मांडीवर ठेवले.

"नवीआई, धाकटीच्या फ्रॉकात माया का नाही ठेवलीस?"

नवीआईनं बोटांनी शिवणी चाचपल्या. कुठला कुणाचा हे तिला न बघताच कळलं.

"कापड तोकडं पडलं गं. एकीलाच ठेवता आली."

"मग तिला ठेवायचीस. तुझ्या पोटची होती."

"तिचं काय घेऊन बसलीस!" नवीआई हसली. "जरा कुठं आवळलं की ती घर डोक्यावर घ्यायची. सांगून मोकळी. तू श्वास कोंडून घातला असतास, पण बोलली नसतीस. म्हणून तू शाळेत गेलीस की मीच उसवून ठेवायचे."

मोठीला भरून आलं. लाजही वाटली. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मग काय ठरवलंस?" धाकटी बिचकतच विचारत होती.

"ठरवायचं काय त्यात?" मोठी म्हणाली. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि हळूच म्हणाली, "तिचं शिलाई मशीन तेवढं इकडे पाठवून दे. आणि उद्याच पाठव, तिनं मागायच्या आत."