दोन पाट

कपाटाच्या आरशात दोघांची डोकी एका रेषेत दिसली, तेव्हा मोरेश्वररावांना अगदी गुदगुल्या झाल्या. बायको त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. लग्नात अंतरपाटामागे त्यांच्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवावे लागले होते, आणि त्यावरून सासुरवाडीने आयुष्यभर त्यांची टोपी उडवली होती.

"बघ मालिनी, शेवटी गाठलंच तुला!"

तिच्या पाठदुखीसाठी दवाखान्यात गेले, तेव्हा हीच गंमत त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही ऐकवली. त्या हसल्या नाहीत. मालिनीबाईंना भिंतीशी उभं करून त्यांनी उंची मोजली, तपासण्या करवल्या.

"तुम्ही गाठलं नाहीत, काका. काकूच खाली आल्यात. हाडं ठिसूळ झालीत, दोन मणके दबलेत. औषध चुकवायचं नाही, रोज उन्हात चालायचं आणि जड काही उचलायचं नाही."

वर्षभर ती पाठ दुखते म्हणत होती, आणि हे 'वय झालं आता' म्हणत पेपरात डोकं घालून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या मोरेश्वररावांनी आपल्याकडे घेतल्या.

त्यांच्या पंचाहत्तरीला नातींनी आजी-आजोबांना पुन्हा हार घालायला लावायचा घाट घातला. समोरासमोर दोन पाट मांडले. मोरेश्वररावांनी बायकोला हात धरून पाटावर चढवलं, आणि आपला पाट उचलून भिंतीशी ठेवला.

"अहो, हे काय?"

"असू दे," टाचा उंचावत ते म्हणाले, "तुझ्याकडे मान वर करूनच बघायची सवय आहे मला."