आईच्या वाटणीचं अंडं

“डिसेंबरात ये पुन्हा,” परीक्षक बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “दमलीयेस पोरी. आधी घरी जाऊन झोप काढ.”

झालं. वैद्यक शिकायला ब्राझीलहून शेजारच्या देशातल्या रोसारियो शहरात येऊन राहिलेल्या तायनाराची शेवटची तोंडी परीक्षा तिथेच आटोपली. प्रश्नाचा विषय ठरवायला फिरत्या पिंजऱ्यातून तिने आकड्याची गोळी काढली, तर निघालं मूत्रपिंड. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने धडाधड सांगितलं असतं. आणि नेमकं आजच डोकं पाटीसारखं कोरं! एका म्हाताऱ्याच्या उशाशी रात्रपाळी करून ती थेट परीक्षेला आली होती. पण ते कुणाला सांगणार? पोटासाठी रात्री जागणारी ती काय एकटीच होती?

रडूसुद्धा येईना. व्हरांड्यातल्या बाकावर ती नुसती बसून राहिली. बूट काढून इथेच आडवं व्हावं, असं मात्र फार वाटत होतं.

कॉलेजला दारं दोन. शेवटची परीक्षा पास झालेला पुढच्या दाराने बाहेर पडतो. पायऱ्यांवर मित्रमंडळी अंडी, पीठ, मोहरीचा सॉस, हाताला लागेल ते घेऊन टपलेली असते. डॉक्टर झालास? मग घे! नापास झालेला गुपचूप मागच्या दाराने सटकतो, जिथून चिरफाडीची प्रेतं आत आणतात. त्यामुळे निकाल कुणी विचारतच नाही.

तायनारा उठली आणि मागच्या दाराकडे चालू लागली. अर्ध्यातच थबकली. पुढच्या दाराशी आई उभी होती.

तिची आई, क्लेउझाबाई, तिकडे ब्राझीलला एका शाळेत स्वयंपाक करायच्या. दोन रात्री बसमध्ये अवघडून त्या काल पोचल्या होत्या. स्पॅनिश त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मागच्या दाराने निघून गेलं, तर ही बाई संध्याकाळपर्यंत त्या गारठ्यात वाट बघत उभी राहील. कळवायचं म्हटलं, तर फोन तिने परीक्षेआधी आईच्याच पिशवीत टाकलेला. काय करावं माणसाने? आईला जरा बाजूला घ्यायचं आणि सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून तिने पुढचं दार ढकललं.

“आली रे आली! डॉक्टरीणबाई आल्या!”

तोंड उघडायच्या आत पहिलं अंडं कपाळावर फुटलं. दुसरं कानावर. तिच्याच खोलीत राहणारी नोएलिया पिठाची अख्खी पिशवी घेऊन धावत आली. “किती छळलंस गं बये! तुझी घोकंपट्टी ऐकून ऐकून मलासुद्धा सगळे अवयव पाठ झाले!”

“थांबा, ऐका तरी माझं...” तायनारा म्हणाली, पण तोंडात पीठ गेलं. कुणीतरी पातेलं बडवायला लागलं. मंडळींनी गाणं धरलं.

इतक्यात क्लेउझाबाई किंचाळल्या. परमुलखात, भर रस्त्यात, दहाजण मिळून आपल्या लेकीला मारतायत, एवढंच त्यांना दिसलं. पर्स उगारून त्या घोळक्यात घुसल्या आणि एका दाढीवाल्याच्या पाठीत दोन सणसणीत ठेवून दिल्या.

“लाज नाही वाटत, मेल्यांनो! एकट्या पोरीला गाठता!”

शब्द कळले नाहीत, पण शिव्या आहेत हे सगळ्यांना कळलं. “अहो काकू, काकू!” नोएलियाने हसत हसत त्यांचे हात धरले. मग बोटं नाचवत, एकेक शब्द सुटा करून समजावलं, “ही इथली रीत आहे. तुमची लेक झाली... डॉक्टर! डॉक्टर!”

तेवढा शब्द मात्र कळला. क्लेउझाबाईंची पर्स खाली आली. दाढीवाल्याची पाठ चोळता चोळता त्या हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या. नोएलियाने खोक्यातलं शेवटचं अंडं त्यांच्या हातात ठेवलं.

“हे तुमच्या वाटणीचं, काकू. आईचा मान!”

सगळे बाजूला झाले. फोटो काढायला फोन वर झाले. अंडं घेऊन क्लेउझाबाई लेकीपुढे आल्या आणि आधी तिच्या पापणीवरचं पीठ अंगठ्याने पुसू लागल्या. आईचा हात लागला आणि तायनाराला राहवेना.

“आई,” ती आपल्या भाषेत पुटपुटली, “नापास झाले गं मी.”

अंगठा जागच्या जागी थांबला. बाईंनी लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पीठ पुसलं होतं तिथे डोळ्यांखालचं काळं उघडं पडलं होतं. मागून दाढीवाला ओरडला, “काकू, फोडा की! आमच्यावर दया दाखवलीत का मघाशी?”

“परत कधी घेतात?” क्लेउझाबाईंनी हळूच विचारलं.

“डिसेंबरात.”

“होशील?”

“होईन. आज काही सुचलंच नाही गं. फार दमले होते.”

“दिसतंय मला.” बाईंनी कोटाची बाही वर सारली. “वर्षाची सगळी सुट्टी मी याच्यातच घालवली. डिसेंबरात काही मला यायला जमायचं नाही. माझं आत्ताच घे. वाक खाली.”

तायनाराने मान पुढे केली.