रुमालाखालची बँक

अमृतरावांनी शिवहारचा हात रुमालाखाली ओढला आणि त्याची तीन बोटं दाबली.

"कळलं?"

"कळलं, मालक."

"आता तुझं काम. आईचा अंगठा. उद्याच्याला."

आखाडा बाळापूरच्या बकरबाजारात सौदा असाच होतो. दोघांचे हात रुमालाखाली, भाव बोटांनी, आणि तिसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. रुमालाखालचं बाहेर बोलणारा बाजारातून उठला म्हणून समजा. त्याच्याशी पुन्हा कोणी हात मिळवत नाही. पण आज या दोघांच्या मधे ना बकरी होती ना बोकड. मधे होती एक बँक.

डोंगरकड्याच्या माळावर काचा मांडून उन्हातून वीज काढणारी कंपनी शेअर बाजारात उतरणार होती. अशा कंपनीला एखादी मोठी बँक बाजारात घेऊन जाते. भाव ती बसवते, गिऱ्हाईक ती गोळा करते. ती बँक कोणती, हे अजून जाहीर झालं नव्हतं आणि त्यावर मोबाइलमध्ये पैजा लागत होत्या. चार बँका, चार नंबर. ज्यांनी जन्मात शेअर पाहिला नाही ती पोरं टपरीवर बसून बँकांची नावं घेत होती, सोयरिकीला आलेल्या स्थळांची घ्यावीत तशी. शिवहारनं पैजेसाठी घरातल्या दुभत्या शेळ्या फुंकल्या होत्या.

खरं नाव अमृतरावांना माहीत असणार, असं सगळे म्हणत. कंपनीच्या जमिनी त्यांनीच जमवून दिल्या. साहेब लोक त्यांच्या घरी जेवतात. साहेब ज्याच्या ताटाला ताट लावून बसतो, त्याला सगळं ठाऊक असतं, अशी आपल्याकडची अक्कल.

अमृतरावांना नंबराच्या बदल्यात पैसा नको होता. अंगठा हवा होता. कंपनीनं माळाला तारा ठोकल्या आणि जनावरांची तळ्याकडची वाट आत गेली. चार घरांनी मिळून कोर्टात खटला भरला. तीन घरांनी अंगठे देऊन माघार घेतली. राहिली ती एकटी शिवहारची माय, पंचफुलाबाई. बँक कंपनीचे कागद बघते तेव्हा कोर्टातली भांडणंही बघते. साहेबांना म्हणून घाई होती.

पंचफुलाबाई बोकड विकून आली ती थेट या दोघांसमोर उभी राहिली. तिनं रुमाल पाहिला. मग आजूबाजूला पाहिलं.

"जनावर कुठाय?"

"कोनतं जनावर, माय?"

"हात रुमालाखाली हाय ना तुझा? मंग जनावर कुठाय? काय इकून राहिला तू?"

शिवहारनं मान खाली घातली. अमृतराव हसले. "पंचफुलाबाई, हे मोठ्या बाजाराचं काम हाय. तुमी बकऱ्याकडं बघा. तुमच्याच लेकराचं भलं करून राहिलो."

"भलं करून राहिलात, तर झाकून काहून? उघड्यावर करा."

आणि तिनं रुमाल ओढला.

चालू सौद्याचा रुमाल ओढणं म्हणजे भर बाजारात धोतर फेडणं. आजूबाजूचे सौदे सोडून माणसं भोवती जमली. रुमाल धुळीत पडला. अमृतराव हात सोडायचंही विसरले. त्यांच्या मुठीत शिवहारची तीन बोटं, लख्ख उन्हात, सगळ्यांसमोर.

"तीन?" नेमसिंग पुढं आला. माघार घेतलेल्या तिघांतला तो एक. "मालक, मला तर दोन दाबली व्हती."

"मला एक," मागून उकंडराव बोलला.

तिसऱ्या घरचा मुन्ना आपल्याच हाताकडं बघत उभा होता. "अन् मला चार."

हे तिघं रोज एकाच टपरीवर चहा प्यायचे. एकानंही दुसऱ्याला नंबर विचारला नाही. रुमालाखालचं विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. या इमानावरच अमृतरावांनी दुकान मांडलं होतं. बँकेचं नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं. चार घरांना चार नंबर दिले की एकाचा लागणार. तो जन्मभर पाया पडणार. बाकीचे तिघं कपाळाला हात लावणार आणि तोंड मिटून बसणार. अंगठे मात्र चारही गोळा.

"अंदाज असतो बाबा," अमृतराव पुटपुटले. "चुकतो माणूस."

"चार घरी चार अंदाज?" नेमसिंग म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं.

त्या हसण्यानं अमृतरावांचा तोल गेला. ते पंचफुलाबाईकडं वळले. "रुमाल ओढलास ना? आता या बाजारात तुझ्या जनावराला कोण हात लावतो, तेच बघतो."

ही पोकळ धमकी नव्हती. बाजार त्यांचं ऐकत होता. पंचफुलाबाईचं घर बाजारावर चालत होतं. तिनं पदर खोचला.

"नका लावू. पर आयका. माझ्या जनावराची वाट मोकळी झाल्याबिगर तुमची कंपनी कोनत्याच बाजारात जात न्हाई. अंगठा मी देत न्हाई. जा, सांगा तुमच्या बँकेला."

अमृतराव रुमाल उचलायला वाकले. शिवहारनं रुमालावर पाय दिला.

"कोनत्या बँकेला सांगनार, अमृतराव?"