हॅचेट कड्यावरची नोंद

"एवढं काय बघताय, मॅडम?" मोटारीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या तरुणाने विचारलं.

"पाकोळ्या," दुर्बीण मांडीवर ठेवत व्हर्ना होलकॉम म्हणाली. "या वयात तेवढंच झेपतं."

तो हसला. व्हर्नाही हसली. नदीपलीकडच्या कड्यावर, एका कपारीत बहिरी ससाण्याची मादी अंड्यांवर बसली होती आणि व्हर्ना चुकूनसुद्धा तिकडे बघत नव्हती.

त्या वर्षी अख्ख्या कोलोरॅडोत या ससाण्याच्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. शेतावर फवारलेलं औषध पाखरांमधून ससाण्यांच्या पोटात जायचं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की आईच्याच वजनाने फुटायची. म्हणून सरकारी माणसं दोराने कपारीत उतरली होती. खरी अंडी उबदार पेटीत घालून ती उबवणी केंद्रात घेऊन गेली आणि मादीखाली रंगवलेली प्लास्टरची अंडी ठेवून आली. पिल्लं जरा मोठी झाली की परत आणून ठेवायची होती. तोवर मादीने जागा सोडता कामा नये. योजनेचं पेपरात छापून आलं होतं, जागेचं नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या व्हर्नाने राखणीचं काम मागून घेतलं होतं आणि तंबू ठोकून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तो तरुण परत आला. नाव डीन, फोटो काढतो म्हणाला. व्हर्नानेही नाव सांगून कॉफी देऊ केली तेव्हा पेला काढायला त्याने डिकी उघडली. आत दोराचं भलंमोठं वेटोळं होतं आणि लोकरीचं अस्तर लावलेली लाकडी पेटी. कॅमेरा मात्र कुठेच दिसला नाही.

व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. असली अंडी चोरून न्यायची, उबवायची आणि पिल्लू शौकिनांना विकायचं, असे प्रकार तिने ऐकले होते. फोन करायला गावात जावं तर मागे कड्यावर लक्ष कोण ठेवणार? तिने कॉफीचा घोट घेतला आणि आयुष्यात प्रथमच एका पक्ष्याबद्दल धडधडीत खोटं बोलली.

"ससाण्यांसाठी आला असशील तर जागा चुकलास, पोरा. हॅचेट कड्यावर बघ. बहिरी ससाण्याच्या घरट्याची नोंद आली होती आमच्याकडे."

"पक्की?"

"मी स्वतः वाचलीय."

हे मात्र खरं होतं, म्हणून तर थाप इतकी सहज जमली. नोंद पाठवली होती ओपलने, व्हर्नाच्या भावजयीने. तिचं कुरण हॅचेट कड्याच्या पायथ्याशीच होतं. ओपल म्हणजे लंगडं कुत्रं बघून लांडगा आला म्हणत सगळं खोरं जागं करणारी बाई. नोंदीत तिने लिहिलं होतं, 'गालांवर जाड काळ्या मिशा, थेट आमच्या हॅरॉल्डसारख्या.' हॅरॉल्ड म्हणजे तिचा नवरा, व्हर्नाचा वारलेला भाऊ. पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या समितीत व्हर्नाचा शब्द शेवटचा असे. जाड मिशी ही बहिरीची खूण खरी, पण माळावरच्या साध्या ससाण्यालाही बारीकशी मिशी असते; फक्त त्याच्या बगलेत काळा डाग असतो. बगलेबद्दल ओपलने अवाक्षर लिहिलं नव्हतं. 'साधा ससाणा असावा. नामंजूर,' असा शेरा व्हर्नाने मारला. इतक्या लांब जाऊन बघावं असं कुणालाच वाटलं नाही. तेव्हापासून ओपलने नणंदेशी बोलणं टाकलं होतं, नाताळात साधं कार्डही नाही.

डीन आभार मानून गेला. त्याच्या मोटारीची धूळ खाली बसल्यावर व्हर्ना एकटीच खुदकन हसली.

"बस गं बाई निवांत," ती कड्याकडे बघून म्हणाली. "चांगला मामा बनवलाय त्याला."

तो परत फिरकला नाही. मादी जागची हलली नाही. व्हर्नाला रात्री गाढ झोप लागू लागली.

आठवडा उलटला आणि धडधडत ओपलचा जुना ट्रक तंबूशी येऊन थांबला. ओपल उतरली ती हातात रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई घेऊन. तिने ती खुर्चीवर ठेवली आणि व्हर्नाला घट्ट मिठी मारली. व्हर्ना आधी गोंधळली, मग तिचेही डोळे भरून आले. भाऊ गेल्यावर घरचं म्हणावं असं हेच एक माणूस उरलं होतं.

"माझंच चुकलं गं," ओपल पाई कापता कापता म्हणाली. "वाटायचं, तू मला वेडीच समजतेस."

"असं कधी म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला हवं! पण तुझ्या मनात तसं असतं तर माणूस पाठवला असतास का?"

व्हर्नाचा हात बशीवरच थांबला.

"कुठला माणूस?"

"डीन गं! फाटकाशी आला, म्हणाला, व्हर्ना मॅडमनी पाठवलंय. मग मीच नेलं वर. आणि या खेपेला बगलसुद्धा बघितली हो मी! काळा डाग औषधाला नाही. मिशा तर हॅरॉल्डच्याच!"

व्हर्नाने नदीपलीकडे बघितलं. पलीकडच्या कपारीत मादी प्लास्टरवर पंख पसरून बसली होती.

"काय हळुवार हात गं त्याचा," ओपल कुशीत मूल घेतल्यासारखी मायेने सांगत होती. "चारही अंडी पेटीत ठेवली, एकालाही तडा नाही. प्लास्टरची तेवढी आणायला विसरला बिचारा. मीच म्हटलं, असू दे रे, आधी ही घेऊन पळ, गार पडतील."