नव्या मोटरीचा फ्यूज

माझा थोरला भाऊ निंबादादा याच्या मुलीचं बारसं होतं, ते साल १९६८. आम्ही दोघे सुरतला पांडेसऱ्यात एकाच मागाच्या कारखान्यात कामाला होतो. त्याच दिवशी जुनी मोटर काढून नवी बसवली, आणि ती काही केल्या फिरेना. शेठ म्हणाले, "पहिले माग चालू करा, पछी बारसं."

मी आणि शालिग्राम मेस्त्रींनी मोटर दोनदा उघडली, तारा सोडून पुन्हा जोडल्या. मेस्त्री म्हणाले, "जुनी बरी होती. एक शिवी दिली की चालायची. ही शिकलेली दिसते."

"दादा कुठे गेला?" मी विचारलं.

"मुलीचा बाप तो. कधीच पळाला असेल घुगऱ्या खायला."

शेवटी मी भिंतीवरची पेटी उघडली, तर तीन फ्यूजपैकी एक जागेवर नव्हताच. "घाईत बसवायचा राहिला असेल," मेस्त्री म्हणाले. मी कपाटातला दुसरा आणून बसवला, आणि मोटर पहिल्या फटक्यात फिरली. भिंतीपलीकडच्या खोलीत मागांचे पट्टे धावू लागले.

"चल, आता तूही जा बारशाला," मेस्त्री हसून म्हणाले.



तो फ्यूज निंबादादाच्या खिशात सापडला. पट्ट्यात हात घालण्याआधी तो नेहमी काढून जवळ ठेवायचा, आणि मलाही त्यानेच तसं शिकवलं होतं. निंबादादा मंगळवारी, १२ मार्च १९६८ रोजी, दुपारी चार वाजता वारला.