नववी खुर्ची

त्या सकाळी प्रांताच्या इतिहासात सोनेरी पान लिहिलं जाणार होतं. समुद्रापलीकडच्या सरकारने राज्यपालांच्या सल्लागार मंडळावर पहिल्यांदाच एक इथला माणूस नेमला होता. नेमला खरा, पण त्याला बसायला खुर्ची नव्हती.

नेमलेला माणूस म्हणजे बंदरातला सगळ्यांत बडा जहाजमालक. त्याचा मेहुणा सुतार. खुर्चीची अडचण कानावर येताच तो आपल्या हातची एक खुर्ची डोक्यावर घेऊन तडक सभागृहाच्या दारात हजर झाला.

कारकुनाने खुर्ची उलटी करून पाहिली. "शिक्का कुठाय? सरकारी जागेत तिकडचंच सामान चालतं."

"अहो, तोच नियम तर आज रद्द व्हायचाय!"

"मग झाल्यावर आणा. आणि ऐका, मत फक्त बसलेल्या सभासदाचं धरतात. उभ्याचं नाही."

सुताराने कपाळावर हात मारला. आठ सभासदांत चार नियमाच्या बाजूने, चार विरुद्ध. नववं मत भावोजींचं. नियम गेला तर सरकारी कचेऱ्यांचं काम मिळून त्याच्या कारखान्यातल्या बारा जणांची चूल पेटती राहणार होती. नाहीतर उद्यापासून नुसते ओंडके सोलायचे आणि जहाजावर चढवायचे.

दाराच्या फटीतून त्याने आतल्या आठ खुर्च्या न्याहाळल्या. लाकूड ओळखीचं होतं. इथून ओंडके होऊन गेलेलं, सासरचं नाव लावून माहेरी आलेल्या लेकीसारखं जरा अवघडून उभं होतं.

"भावोजी," तो फटीतून कुजबुजला, "खाली बसा! जमिनीवर बसा. बसलं म्हणजे झालं!"

"गप रे! चारचौघांत शोभतं का ते?" भावोजींनी नवा कोट सावरला. "राज्यपालसाहेब स्वतः म्हणालेत, खुर्ची येतेय. माझ्याच जहाजातून येतेय."

दोन तास ते भिंतीशी मोठ्या रुबाबात उभे राहिले. मतं पडली चारास चार. ठराव बारगळला.

बाहेर आले ते थेट मेहुण्याच्या खुर्चीत कोसळले.

"मजबूत केलीयस रे," पोटऱ्या चोळत ते म्हणाले.

"घरी पाठवू?"

"नको. घरी सगळ्या तिकडच्याच आहेत."

सहा महिन्यांनी नववी खुर्ची आली. तिचा एक पाय आखूड निघाला. नियमाप्रमाणे ती दुरुस्तीसाठी परत तिकडेच पाठवण्यात आली.